पहिली बिअर करताना यीस्ट ड्राय घ्यावं की लिक्विड?

तुम्ही न्यू जर्सीत घरच्या घरी पहिल्यांदाच २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करणार आहात आणि लिक्विड यीस्ट दुप्पट महाग आहे म्हणजे ते चांगलंच असणार, असं तुम्हाला वाटतंय. मी तिथेच सात वर्षं बिअर करतोय. पहिल्या बिअरला बिनदिक्कत ड्राय घ्या.

सॅफएल यूएस-०५ या ड्राय यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट २० लिटरला पुरतं. वॉर्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं उकळलेलं गोड पाणी, १८-२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झालं की थेट वरून भुरभुरवायचं. वाळवण्याआधीच कारखान्यात या पेशींमध्ये चरबीचा साठा भरलेला असतो, म्हणून त्यांना वॉर्टमध्ये वेगळी हवा घालून द्यावी लागत नाही. लिक्विडला ती लागते.

लिक्विडचं खरं दुखणं म्हणजे त्याचं वय. विरजण जुनं झालं की दही नीट लागत नाही, तसंच इथे. फ्रिजमध्ये ठेवलं तरी पेशी आठवड्यागणिक मरत जातात आणि उन्हात तापलेल्या ट्रकमधून आलं तर विचारूच नका. एका जुलैत माझं पाकीट अक्षरशः कोमट पोचलं होतं. मी तसंच ओतलं आणि तीन दिवस एअरलॉकमध्ये (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत) एक बुडबुडा नाही. तेव्हापासून लिक्विड आणलं की आधी स्टार्टर, म्हणजे यीस्ट वाढवायचं छोटं विरजण, करतोच: लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या गोड अर्काची पावडर), दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, थंड करून यीस्ट घालायचं आणि दिवसभर अधूनमधून हलवत राहायचं.

मग एवढा खटाटोप कुणी का करावा? कारण काही बिअरची चवच यीस्टमधून येते. हेफेवाइझन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) नाही, यीस्टचा. त्यासाठी मी वायईस्ट ३०६८ हे लिक्विड यीस्टच घेतो. ड्रायमध्ये मला ते केळं तितकं कधी मिळालं नाही. सेझाँ या बेल्जियन बिअरचंही तसंच. पेल एलमध्ये मात्र हॉप्स पुढे आणि यीस्ट मागे, त्यामुळे तिथे जास्तीचे पैसे चवीत उतरत नाहीत.

ते वाचलेले पैसे तापमान सांभाळण्यावर घाला. पहिले तीन-चार दिवस आंबवण स्वतःच गरम होतं, म्हणून फर्मेंटर (बिअर आंबते ते भांडं) पाण्याच्या टबात ठेवा आणि त्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. आणि पाकीट कापायची कात्री आधी सॅनिटायझरमध्ये बुडवायला विसरू नका.