उत्तर इटलीत सपाट नदीकाठ आणि द्राक्षमळे एकाच दिवसात सायकलवर कसे करावेत?

पेस्किएरा ते मान्तोव्हा हा मिंचो नदीकाठचा सुमारे ४५ किमीचा मार्ग घ्या. बहुतेक डांबरी, मोटारींपासून वेगळा. गार्डा सरोवराकडून, म्हणजे पेस्किएराहून निघालात तर उतार हलका का होईना, पण तुमच्या बाजूने राहतो. बोर्गेत्तोच्या जुन्या पाणचक्क्यांपाशी थांबाच. शेजारच्या वालेज्जो गावचे तोर्तेल्लिनी (सारण भरलेला पास्ता) चुकवू नका. तिथून पूर्वेला कुस्तोत्सा गावचे द्राक्षमळे लागतात, पण त्या टेकड्या हिमनदीने रचलेल्या, छोटे चढ सारखे येतात. सामान लादलं असेल तर हलका गिअर हवाच. खडीच्या फाट्यांसाठी ३२ मिमी टायर पुरतात. वाईन बेतानेच घ्या, मद्यपानाची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. परतीला व्हेरोनाची प्रादेशिक रेल्वे पकडा. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जुलै-ऑगस्ट टाळा: दमट उकाडा आणि डास.