गांडूळ जिवाणू खाते, मग जिवाणूखत कधी टाकायचे?

प्रश्न : गांडूळखताचा वाफा भरतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि ॲझोटोबॅक्टर (हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) मिसळले तर चालेल का? काही जण सांगतात की गांडुळे ती खाऊन टाकतात, काही म्हणतात गांडुळाच्या पोटात जिवाणू वाढतात. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे, म्हणूनच भरताना टाकू नका. खत तयार झाले, गांडुळे वेगळी केली, की मग टाका.

गांडुळाला दात नसतात. ते माती आणि कुजका पालापाचोळा गिळते आणि पुढे पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत गिळलेल्या वाळूच्या कणांनी तो भरडला जातो. बुरशीचे धागे तिथेच तुटतात. आतड्यात पाचकरस उरलेल्यांचा समाचार घेतात: बुरशीच्या भिंतीतले कायटिन विरघळवणारे वेगळे, जिवाणूंची भिंत फोडणारे वेगळे. गांडुळाचे खरे अन्न बऱ्याच अंशी हेच. काडीकचऱ्यात नत्र अगदी कमी. ते मिळते काडीवर वाढलेल्या बुरशी, जिवाणू आणि आदिजीवांच्या शरीरातून. ताज्या काडीला गांडुळे तोंड लावत नाहीत आणि अर्धवट कुजलेल्या शेणावर तुटून पडतात, ते यामुळेच.

पण सगळेच मरत नाहीत. जाड कवचाचे बीजाणू बरेचदा सुखरूप बाहेर पडतात. शिवाय आतड्यात भरपूर ओल, शर्करायुक्त चिकट स्राव, सामू उदासीनच्या आसपास आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही. मातीत सुस्त पडलेले काही जिवाणू या काही तासांच्या प्रवासात जागे होतात. त्यातले काही ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात, त्यामुळे जिवंत गांडुळातून थोडा नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो! ॲझोटोबॅक्टर मात्र ऑक्सिजनवर जगणारा. त्याला ही जागा मानवणारी नाही.

म्हणजे महागामोलाचे कल्चर वाफ्यात टाकणे हे गांडुळांना खाऊ घालणेच. तयार गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत 100 किलो घ्या, त्यात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा, हाताला ओल लागेल इतके पाणी शिंपडा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा. मधे एकदा वरखाली करा. पांढरे-हिरवे धागे दिसले की शेतात द्या. ॲझोटोबॅक्टरही तयार खतातच मिसळावे, पण शेतात देण्याच्या दिवशी. सोबत रासायनिक बुरशीनाशक नको.

प्रश्न : मर रोगाची झाडे वाफ्यात टाकली तर गांडुळे रोगाची बुरशी पचवतील ना?

उत्तर : काही पचवतील, पण भरवसा ठेवू नका. मरीच्या फ्युजॅरियम बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू टिकून राहू शकतात, आणि तेच खत पुन्हा शेतात जाते. रोगट झाडे जाळा किंवा वेगळ्या ढिगात टाका. ढीग उलटवत राहा आणि आतले तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकू द्या. गांडुळे थंड झालेल्या मालातच सोडा.

प्रश्न : बांधावर पैसा किडे खूप आहेत. मारावेत का?

उत्तर : पालापाचोळ्यात असतील तर राहू द्या. तेही कुजक्या पानांवरची बुरशी-जिवाणू पचवतात, आणि स्वतःच्या विष्ठेवर जिवाणू पुन्हा वाढले की तीही खातात. उगवत्या पिकाची रोपे कुरतडत असतील तर मात्र वेळीच बंदोबस्त करा.