वाचक विचारतात: बर्ड्सची कुठली प्रत खरी?

गेल्या अंकात एकाने विचारलेलं की बर्ड्स, म्हणजे साठच्या दशकातला तो अमेरिकन रॉक बँड, ऐकायला सुरुवात करायचीय तर कुठल्या सीडी घेऊ, आणि मी दोन ओळींत सांगून मोकळी झाले की १९९६ पासून कोलंबिया लेगसी या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या घ्या, बोनस गाणी भरपूर आहेत. विषय संपला असं वाटलं होतं, पण कसला संपतोय, या महिन्यात नव्या गाण्यांबद्दल एक प्रश्न नाही, सगळी पत्रं बर्ड्सचीच आणि निम्मी माझ्यावर चिडलेली. तेव्हा हा अंक त्यांनाच. काही पत्रं मी कापून छोटी केलीयत, एकाने तर सात पानं लिहिली होती.

पुण्याहून एक वाचक: ताई, तुम्ही ज्या सीडी घ्या म्हणता त्यातली कितीतरी गाणी रिमिक्स केलेली आहेत हे सांगितलंत का? १९६५ मध्ये लोकांनी रेकॉर्डवर जे ऐकलं ते हे नव्हेच. नव्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी नकली माल द्यायचा का?

नकली म्हणू नका हो. पण मुद्दा बरोबर आहे आणि तो मी सांगायला हवा होता, म्हणून आता नीट सांगते. स्टुडिओत गाणी होतात मल्टीट्रॅक टेपवर, म्हणजे गिटार एकीकडे, ड्रम एकीकडे, आवाज एकीकडे. मग ते सगळं मिसळून जी शेवटची टेप होते ती मास्टर, आणि रेकॉर्ड निघते ती या मास्टरवरून. रिमास्टर म्हणजे तीच मास्टर टेप घेऊन आवाज साफसूफ करणं. रिमिक्स म्हणजे मागे जाऊन मल्टीट्रॅकपासून पुन्हा मिसळणं, तेच साहित्य घेऊन दुसऱ्याने केलेली आमटी म्हणा. कितीही मन लावून केली तरी हात दुसराच.

आता हे का केलं, तर या सीडी ज्याने काढल्या त्या बॉब अर्विनचं म्हणणं असं की पहिले चार अल्बम इतके खपले आणि मास्टर टेपा इतक्या वेळा वाजवल्या गेल्या की त्या झिजून गेल्या होत्या, बहुतेक ठिकाणी पहिल्या पिढीची मास्टर उरलीच नव्हती, होत्या त्या प्रतीच्या प्रती. म्हणजे एकतर मळकट तिसरी प्रत छापा नाहीतर मल्टीट्रॅकवरून पुन्हा बांधा. त्याने जिथे लागलं तिथे बांधलं आणि जुन्या मिक्सच्या जवळ राहायचा प्रयत्न केला. सगळी गाणी रिमिक्स नाहीत, काहीच आहेत, पण कुठली ते हेडफोन लावून जुन्या रेकॉर्डशेजारी ऐकल्याशिवाय पटकन कळत नाही आणि तुमच्यासारखे लोक नेमकं तेच करत बसतात म्हणून तर ही पत्रं येतात.

माझं मत विचाराल तर मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त कव्हरवर ठळक अक्षरात लिहिलं असतं. आणि गंमत बघा, याच अर्विनने सनडेझ्ड नावाची स्वतःची कंपनी काढली आणि तिने बर्ड्सच्या सुरुवातीच्या अल्बमच्या मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्रच असलेल्या, एलपी रेकॉर्डी पुन्हा काढल्या. म्हणजे रिमिक्सवाल्यांना एक दुकान नि शुद्धतावाद्यांना दुसरं, दोन्हीकडे माणूस तोच. मला यात काही गैर वाटत नाही, उलट सोयच झाली.

ठाण्याहून एक वाचक: मोनो मोनो म्हणून लोक एवढं काय करतात? दोन स्पीकर असताना एकाच स्पीकरसारखं कशाला ऐकायचं? आमच्याकडे यावरून घरात वाद आहे, बाबा मोनोवाले, मी स्टिरिओवाली.

या वेळी बाबांचं ऐका. १९६५ मध्ये अमेरिकेत हे गाणं पोचत होतं एएम रेडिओवरून आणि पोरांच्या छोट्या प्लेयरवरून, म्हणजे मोनोमध्येच, त्यामुळे कष्ट घेतले जायचे मोनो मिक्सवर. बर्ड्सच्या बाबतीत तर ते जास्तच लागू, कारण त्यांचा सगळा जीव आहे बँडमधल्या रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारीत, आणि ती जी घंटेसारखी वाजत राहते, सूर विरतच नाही, तो कंप्रेसरचा खेळ आहे, इंजिनिअरने आवाज दाबून दाबून सपाट केला म्हणून तार छेडल्यावर लगेच मरत नाही. मोनोमध्ये ही गिटार नि तिघांचे आवाज एकाच गोळ्यात अंगावर येतात. स्टिरिओत ते वेगवेगळे होतात, ऐकायला मोकळं वाटतं खरं, पण धक्का कमी होतो.

हे पहिल्या तीन अल्बमपुरतं हं. १९६८ चा नोटोरियस बर्ड ब्रदर्स मात्र स्टिरिओतच ऐका, त्यात आवाज इकडून तिकडे फिरवलेत ते ऐकायची मजाच आहे. तिथे तुम्ही जिंकलात.

रत्नागिरीहून एक वाचक: बर्ड्सनी सतार वाजवली होती असं कुठेतरी वाचलंय. ते रेकॉर्डिंग कुठल्या रिइश्यूमध्ये मिळेल?

कुठल्याच नाही, कारण नाहीच ते. तुम्ही पाहिला असेल तो फोटो असेल. मार्च १९६६ मध्ये त्यांनी पत्रकारांना बोलावून सतार हातात घेऊन दाखवली, तेव्हापासून रागा रॉक, म्हणजे आपल्या रागांच्या वळणाचं रॉक, हा शब्द पेपरांतून फिरायला लागला. रेकॉर्डवर मात्र सगळी गिटारच आहे. व्हाय या गाण्यात जे सतारीसारखं वाजतं ना, ती मॅग्विनची रिकनबॅकरच, सिगारच्या लाकडी डब्यात बसवलेल्या एका घरगुती ॲम्प्लिफायरमधून काढलेली, त्यात वॉकीटॉकीचा बारकासा स्पीकर. जुगाड म्हणतात तो हाच.

पण रविशंकरांचा संबंध अगदी खरा आहे आणि जुना आहे. १९६४ मध्ये बँडचं नावही ठरलं नव्हतं तेव्हा ही पोरं रात्री तालीम करायची लॉस एंजेलिसच्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत, आणि रविशंकरांच्या अमेरिकेतल्या रेकॉर्डी काढणारी वर्ल्ड पॅसिफिक ती हीच. बँडमधला डेव्हिड क्रॉस्बी तिथे जो नादी लागला तो कायमचा. १९६५ च्या शेवटी टूरच्या बसमध्ये त्याने एक टेप आणली होती, त्यात रविशंकर आणि जॅझवाला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, आणि संपूर्ण प्रवासात तीच लावली. त्यातून आलं त्यांचं एट माइल्स हाय हे गाणं. सुरुवातीला गिटार जे चार सूर घेते ते कोल्ट्रेनच्या इंडिया नावाच्या रचनेतून घेतलेत. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला रविशंकरांच्या वादनाबद्दल सांगणाऱ्यांतही हाच क्रॉस्बी होता. आपल्याकडे बीटल्सचं कौतुक घरोघरी, त्या आधीची ही पायरी कोणाला माहीत नसते.

आणि तुम्हाला खरंच दुर्मिळ काही हवं असेल तर मूग राग शोधा. मॅग्विनने १९६७ च्या सुमारास नवाच आलेला मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, घेऊन त्यावर राग वाजवायचा घाट घातला. ते यंत्र सुरात राहीना, म्हणून तेव्हा ठेवून दिलं, मग १९८७ मध्ये नेव्हर बिफोर या संग्रहात आलं आणि १९९७ च्या नोटोरियसच्या सीडीवर बोनस म्हणून आहे. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्या घरात लावाल तर शिव्या पडतील. मला आवडतं, पण महिन्यातून एकदाच.

नागपूरहून एक वाचक: स्वीटहार्ट ऑफ द रोडिओमध्ये ग्रॅम पार्सन्सचा आवाज पुसून मॅग्विनने स्वतःचा घातला. आता पार्सन्सचे मूळ ट्रॅक मिळतात तर अल्बम दुरुस्त करून तसाच का काढत नाहीत? हा अन्याय कधी मिटणार?

न्यू जर्सीहून एक वाचक (मूळचे साताऱ्याचे): पार्सन्सवाले लोक पुन्हा तेच रडगाणं गाणार, त्यांना एकदा सांगा की १९६८ मध्ये जे निघालं तोच अल्बम. बाकी सगळं बोनस.

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली, मी काही लावून दिलं नाही.

आधी काय झालं ते. स्वीटहार्ट हा बर्ड्सचा १९६८ चा अल्बम. पार्सन्स त्याच वर्षी बँडमध्ये आला आणि रॉक बँडला घेऊन थेट नॅशव्हिलला कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाची, गाणी गायला निघाला. त्याचा आधी ली हेझलवूडच्या रेकॉर्ड कंपनीशी करार होता आणि तिकडून कायद्याची धमकी आली, म्हणून तीन गाण्यांत, द ख्रिश्चन लाइफ, यू डोंट मिस युवर वॉटर आणि वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाउ, त्याचा मुख्य आवाज काढून दुसऱ्यांचा घातला. मग मामला मिटला म्हणून हिकरी विंडसकट तीन गाण्यांत त्याचा आवाज राहिला. मॅग्विनने मुद्दाम संधी साधली का, यावर दोन्ही पार्ट्या पन्नास वर्षं भांडतायत. जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर पार्सन्स बँड सोडून गेला आणि ऑगस्टमध्ये अल्बम आला तेव्हा तो बँडमध्ये नव्हताच.

पार्सन्सच्या आवाजातले ते ट्रॅक १९९० च्या चार सीडींच्या बॉक्स सेटमध्ये पहिल्यांदा बाहेर आले. १९९७ च्या सीडीवर त्याच्या तालमीचे टेक, म्हणजे गाणं रेकॉर्ड करून पाहिल्याचे प्रयत्न, आहेत, २००३ मध्ये दोन सीडींची लेगसी एडिशन आली तिच्यात आणखी तालमी आणि त्याच्या आधीच्या इंटरनॅशनल सबमरीन बँडची गाणीसुद्धा. म्हणजे नागपूरकर, अन्याय मिटवायला लागणारं सामान तुमच्या कपाटात मावेल एवढं आहे, स्वतः क्रम लावून ऐका, कोण अडवतंय. पण दुरुस्त अल्बम म्हणून छापायला माझा विरोध. मी दोन्ही प्रकारे ऐकलंय. ख्रिश्चन लाइफ पार्सन्सने गायलंय ते जास्त खरं आहे, त्याचा त्या शब्दांवर विश्वास बसतो. मॅग्विन गातो तेव्हा दक्षिणेतला हेल काढतो आणि तो थोडा चेष्टेचा वाटतो, कधीकधी कानाला टोचतो. तरीसुद्धा ती चेष्टेची किनार त्या वेळच्या अल्बमचाच भाग आहे, शहरातली लांब केसांची पोरं कंट्री गातायत आणि त्यांनाच खात्री नाही आपण खरं गातोय की खोटं, हे ऐकू येतं त्यात. ते पुसलं तर पार्सन्सचा एक चांगला सोलो अल्बम मिळेल, बर्ड्सचा नाही. साताऱ्याचे साहेब, म्हणून निकाल तुमच्याकडे, पण रडगाणं म्हणालात ते मागे घ्या. तो आवाज ऐकल्यावर माणूस चिडणारच.

कोल्हापूरहून एक वाचक: बोनस ट्रॅक खरंच ऐकण्यासारखे असतात का? मला तर बऱ्याचदा वाटतं की टाकून दिलेलं टाकूनच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

बऱ्याचदा खरं आहे. त्याच गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक, त्याच गाण्याचा दुसरा टेक, एकदा ऐकून माणूस विसरतो. पण काही गाणी ती वाईट होती म्हणून नाही राहिली, भलत्याच कारणाने राहिली. एट माइल्स हायचंच घ्या. डिसेंबर १९६५ मध्ये त्यांनी ते आरसीए या दुसऱ्या कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं आणि कोलंबियाने सरळ नाही म्हटलं, कारण स्टुडिओ आपला नाही. जानेवारीत कोलंबियाच्या स्टुडिओत पुन्हा केलं ते जगाने ऐकलं. आरसीएवाला टेक वीसेक वर्षं पडून, नेव्हर बिफोरमध्ये आला, मग १९९६ च्या फिफ्थ डायमेन्शनच्या सीडीवर. क्रॉस्बी तोच चांगला म्हणायचा. मला दुसरा आवडतो, पण पहिल्यात एक सैलपणा आहे, बघा ऐकून.

किंवा बँडमधल्या जीन क्लार्कचं द डे वॉक. १९६५ चं गाणं, टेप सापडली तेव्हा नाव कोणालाच ठाऊक नाही म्हणून नेव्हर बिफोर असंच नाव ठेवून दिलं, खरं नाव नंतर कळलं. हे गाणं दुसऱ्या अल्बमवर असतं तर तो अल्बम किती वजनदार झाला असता. क्लार्क सगळ्यात जास्त गाणी लिहायचा, त्यामुळे रॉयल्टीचे पैसेही त्यालाच जास्त यायचे आणि त्यावरून बाकीच्यांची धुसफूस, हे सगळं त्या टेपांच्या ढिगाऱ्यामागे आहे. म्हणून मी म्हणते, बोनस ऐका पण अल्बम संपल्यावर सीडी थांबवा, चहा घ्या, मग ऐका. कंपन्या अकरावं गाणं संपलं की लगेच बारावं म्हणून तालमीचा टेक जोडतात ते मला अजिबात पटत नाही. अल्बम जिथे संपायचा तिथे शांतता हवी.

नोटोरियसच्या सीडीच्या शेवटी तर स्टुडिओतलं भांडणच टाकलंय, क्रॉस्बी ड्रमर मायकेल क्लार्कला बोलतोय, क्लार्क वैतागलाय. ऐकायला अवघड वाटतं. मी एकदाच ऐकलं.

सोलापूरहून एक वाचक: त्याच अल्बमच्या कव्हरवर तीन माणसं आणि चौथ्या खिडकीत घोडा. तो घोडा म्हणजे बँडमधून काढून टाकलेला क्रॉस्बी, हे खरं का?

क्रॉस्बीला तसंच वाटायचं. मॅग्विन म्हणायचा योगायोग. मी घोड्याच्या बाजूने.

मुंबईहून एक वाचक: चोर बाजारात प्रीफ्लाइट नावाची एलपी मिळाली. दुकानदार म्हणतो फार दुर्मिळ. खरंच दुर्मिळ आहे का, आणि ही कुठली गाणी?

किमतीचं मी सांगत नाही, सांगितलं की पुढच्या महिन्यात दुकानदारांची पत्रं येतात. पण लेबल बघा. टुगेदर रेकॉर्ड्स असेल तर ती १९६९ ची पहिली आवृत्ती, कोलंबिया असेल तर १९७३ ची. गाणी आहेत १९६४ ची, वर्ल्ड पॅसिफिकमध्ये मॅनेजर जिम डिक्सनने रात्री फुकट मिळणाऱ्या वेळात टेप केलेली. मायकेल क्लार्ककडे सुरुवातीला ड्रम सेटही नव्हता, तालमीत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर वाजवायचा. आवाज कच्चा आहे, पण तिघांचे सूर जुळतायत ते इथेच ऐकू येतं, आणि मग लक्षात येतं की त्यांचं पहिलं हिट गाणं जेव्हा रेकॉर्ड झालं तेव्हा कोलंबियाने मॅग्विन सोडून सगळी वाद्यं भाड्याच्या वादकांकडून का वाजवून घेतली. तयारच नव्हती पोरं. वर्षभरात झाली.

या गाण्यांसाठी एलपीच हवी असं मात्र नाही, सनडेझ्डने २००१ मध्ये प्रीफ्लाइट सेशन्स नावाने दोन सीडी काढल्या त्यात याहून जास्त आहे. पण मिळालीच आहे एलपी तर घ्या, आधी दुकानातच उजेडात धरून चरे बघा आणि दोन्ही बाजू वाजवून दाखवायला सांगा. वाजवू देत नसेल तर राहू द्या.