देव तारी त्याला कोण मारी, मग तुमचा तारणाराच कसा मारला गेला?

तुम्ही विचारलंय की आपण मराठी माणसं 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो, मग ज्या येशूला क्रुसावर खिळून मारलं त्याला ख्रिस्ती लोक तारणारा कसं म्हणतात आणि रोज प्रार्थनेला बसून त्याच्याबद्दल नक्की कसलं चिंतन करतात. मला प्रश्न आवडला. आमच्याच घरात तो विचारला गेलाय, वडील गेले तेव्हा मीच विचारला होता.

आधी सांगतो की मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, धर्मशास्त्राचं शिक्षणही नाही. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबा पुण्यात आले. चर्च गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, ज्याला सगळं पुणं पंचहौद म्हणूनच ओळखतं. आणि मी एका सहकारी बँकेत बावीस वर्षं सोनेतारणाच्या काउंटरवर बसतो. नोकरीचं सांगायचं कारण म्हणजे माझं निम्मं चिंतन त्या काउंटरवर झालंय.

तुमची म्हण खरं तर क्रुसाखाली उभ्या असलेल्या लोकांनीच म्हटली होती, वेगळ्या शब्दांत. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, पंधराव्या अध्यायात आहे की यहुद्यांचे मुख्य याजक आणि शास्त्री आपसात थट्टा करत होते, ह्याने दुसऱ्यांना वाचवलं, ह्याला स्वतःला वाचवता येत नाही. त्यांना वाटलं की हा माणूस तारणारा नाही याचा हाच पुरावा, पण आम्ही जेव्हा मनन करतो तेव्हा नेमके याच वाक्यापाशी थांबतो, कारण ते थट्टेत बोलले ते अक्षरशः खरं होतं. त्याला दोन्ही जमलं नसतं. दुसऱ्यांना वाचवायचं तर स्वतःला वाचवायचं नाही असा तो सौदा होता आणि तो त्याने आदल्या रात्री गेथशेमाने बागेत घाम गाळत, घाबरत, 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं बापाला विनवून मग स्वीकारला होता. म्हणजे त्यालाही मरायचं नव्हतं हो. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

आता 'तारण' हा शब्द बघा. चर्चमध्ये तारण म्हणजे मुक्ती, उद्धार. आणि सोमवारी सकाळी बँकेत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. माझ्याकडे एक मावशी यायच्या, पाटल्या ठेवायच्या, मुलाच्या फीचं निमित्त असायचं. सराफ कसोटीवर घासून बघायचा, वजन व्हायचं, पाकीट सील होऊन तिजोरीत जायचं आणि मावशी मोकळ्या हातांनी पण हलक्या पावलांनी घरी जायच्या. एकदा मी सहज म्हटलं, मावशी हात कसे रिकामे दिसतात, तर म्हणाल्या, "अहो पोरगं अडलेलं असताना पाटल्या घालून मिरवू का मी?" मला त्या दिवशी बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र आठवलं, दुसरा अध्याय, तिथं ख्रिस्ताबद्दल लिहिलंय की देवाच्या स्वरूपाचा असूनही देवाच्या बरोबरीचं असणं त्याने धरून ठेवलं नाही, त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. रिक्त केलं हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, पण तो कळला त्या रिकाम्या हातांकडे बघून.

येशू स्वतःच म्हणतो की तो पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय. आता पेपरमध्ये खंडणी म्हटलं की गुंड आठवतात म्हणून आमची तरुण पोरं या शब्दाला अडखळतात, पण मूळ अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवायची किंमत असा आहे. मग ही किंमत दिली कोणाला? हा वाद फार जुना आहे. चौथ्या शतकात नाझियांझचा ग्रेगरी या धर्मपंडितानेही तो उकरून काढला, सैतानाला दिली म्हणावं तर लाजिरवाणं, आणि पित्याला दिली म्हणावं तर आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो. मला त्याचं हे अडून राहणं फार पटतं. माझ्या बँकेचा हिशोब देवाला लावायला गेलं की कुठेतरी फाटतोच. उपमा दारापर्यंत नेते, आत नाही नेत.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न असेलच की मग हा देव का माणूस. इ.स. ३२५ ला निकेया इथे धर्मसभा भरली आणि तिने पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी एकतत्त्व आहे, देव म्हणून त्याच्याहून कमी नाही, असं ठरवलं, २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली. नंतर ४५१ ला खाल्केदोनच्या सभेने म्हटलं की तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे, दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि फाटाफूटही नाही. ऐकायला कोरडं वाटतं पण त्यामागे जिव्हाळ्याची गोष्ट आहे. तो नुसता माणूस असता तर आपल्यासारखाच अडलेला, तो कोणाला सोडवणार. आणि नुसता देव असता, माणसाचं सोंग घेऊन आलेला, तर त्याची भूक, तहान, लाजर या मित्राच्या थडग्यापाशी त्याचं रडणं हे सगळं नाटक ठरलं असतं, आणि माझं रडणं त्याला काय कळणार मग?

अवताराशी तुलना बरेच जण करतात. गीतेत साधूंचं रक्षण आणि दुष्टांचा नाश असं म्हटलंय, तो विचार मोठा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण मी मननाला बसतो तेव्हा मला त्या वाटणीत स्वतःला साधूंकडे उभं करता येत नाही. पौल रोमकरांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. दुष्टाचा नाश करायच्या ऐवजी त्याच्या जागी जाऊन उभा राहणारा, हे मला माझ्यासाठी लागतं.

आणि हे मराठी मनाला परकं नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटलं तसंच आईही म्हटलं. आमच्या चर्चच्या आसपासच्या पेठांत पालख्या मुक्कामाला असतात, भवानी पेठेत ज्ञानोबांची आणि नाना पेठेत तुकोबांची, रस्त्यावर माउली माउली चाललेलं असतं. मी लहान असताना आजीला विचारलं होतं की आपल्याकडे माउली कोण, तर तिने मत्तयातलं ते वचन सांगितलं, यरुशलेमेकडे बघून येशू म्हणतो की कोंबडी जशी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुमच्या मुलाबाळांना एकत्र करायची माझी किती वेळा इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती. आजीच्या घरी कोंबड्या होत्या, तिला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

प्रत्यक्षात मनन कसं करतो तर फार साधं आहे. सकाळी चहाच्या आधी शुभवर्तमानातला एकच प्रसंग, आणि त्यात मी कुठे उभा आहे ते बघायचं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातले चाळीस दिवस हे जरा जास्त मन लावून होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, त्यातल्या चौथ्या उद्गाराला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', चर्चमध्ये अशी शांतता होते की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न स्पष्ट ऐकू येतात.

वडील आयसीयूत होते तेव्हा मी अकरा रात्री एकच प्रार्थना केली, वाचव. ते वाचले नाहीत. शेजारच्या काकूंनी चांगल्या मनाने म्हटलं, देवाने तारलं असतं तर कोण मारणार होतं, आणि मला ते सहन झालं नाही. कित्येक महिने मी चर्चला जायचो पण तोंडातून गाणं निघायचं नाही. मग त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी चौथा उद्गार वाचला गेला आणि लक्षात आलं की माझा प्रश्न तर तोच विचारतोय, माझ्या आधी, माझ्यापेक्षा मोठ्याने. उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न विचारताना मी एकटा नाही इतकं कळलं आणि त्यावर मी आजपर्यंत उभा आहे.

मावशी पुढे पाटल्या सोडवायला आल्या तेव्हा काउंटरवरच घातल्या. कसोटीवर घासल्याची बारीक खूण एका पाटलीवर राहिली होती, मी म्हटलं सराफाकडून पॉलिश करून घ्या, तर म्हणाल्या राहू द्या. योहानाच्या विसाव्या अध्यायात मरणातून उठलेला येशू थोमा या शंका घेणाऱ्या शिष्याला म्हणतो, तुझं बोट इकडे आण, माझे हात बघ. मरणातून उठून आलेल्याला खिळ्यांच्या खुणा पुसता आल्या नसत्या का? त्याने त्या ठेवल्या. मी तारणाऱ्याचं चिंतन करतो म्हणजे बरेचदा त्या हातांकडे बघत बसतो, दुसरं काही नाही.

तुम्हाला बघायचं असेल तर मार्काचा पंधरावा अध्याय काढा, दहा मिनिटांत वाचून होतो. एकतिसाव्या वचनापाशी मात्र थांबा थोडं.