जड पाणी उकळून हलकं होतं का?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या नोटिशीत 'टँकरचे पाणी जड आहे, उकळून हलके करून प्यावे' असं लिहिलंय, तर हे 'जड' बरोबर आहे का आणि तापवल्याने जडपणा जातो का.

बोलताना चालतंय की. मुंबईत नळाला भातसा-तानसा-वैतरणाचं पाणी, म्हणजे तलावात साठवलेला पाऊसच, त्यात क्षार कमी, साबण लावला की फेस. आणि बोअरचं पाणी आलं की केस चिकट, डाळ शिजता शिजत नाही, बादलीला पांढरे डाग, मग आपण म्हणतो पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणतात, फेन म्हणजे फेस, तो धड येत नाही ते दुष्फेन. मला हा शब्द 'कठीण पाणी'पेक्षा कितीतरी बरा वाटतो, पाणी कठीण म्हटलं की बर्फच डोळ्यासमोर येतो.

पण वजनाला ते जड नसतंच जवळपास. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार म्हणजे दुष्फेनच म्हणायचं, तरी वजनात फरक अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. उलट साधं पाणी २० अंशांवरून ३० वर गेलं की लिटरमागे अडीच ग्रॅमने हलकं होतं, ९९८.२ चं ९९५.७. ही घनता, ती ४ अंशांना सगळ्यात जास्त असते, आणि १०० अंशांना ९५८ च्या आसपास येते, पण गार झालं की परत होती तिथे. त्यामुळे या अर्थाने उकळून हलकं केलेलं पाणी गरम असेपर्यंतच हलकं.

दुष्फेनतेचं तसं नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं असतील तर उकळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं, पातेल्याला आतून जो खरखरीत पांढरा थर धरतो ना, गीझरच्या कॉइलवर पण तोच, ते हे. पाणी गार झालं तरी तो परत विरघळत नाही. ही तात्पुरती दुष्फेनता. सल्फेट-क्लोराइडची मात्र कितीही उकळा जात नाही, उलट पाणी आटलं की थोडी वाढतेच, तिला धुण्याचा सोडा नाहीतर सॉफ्टनर लागतो. आणि हो, गरम पाण्यात फेस जास्त येतो तो साबण नीट विरघळतो म्हणून, लगेच पाणी सुधारलं असं समजू नका.

लिहिताना 'जड पाणी' मी टाळतो कारण तो शब्द आधीच दुसरीकडे दिलेला आहे, हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (हायड्रोजनचाच जड प्रकार) असलेलं पाणी, अणुभट्टीत लागतं ते, अलिबागजवळ थळला त्याचा कारखानाच आहे. ते खरोखर वजनाला जड, लिटरला अकराशे ग्रॅम, ते काय टँकरने येत नाही.

नोटिशीत 'टँकरचे पाणी उकळून प्यावे' एवढंच पुरे, उकळायचं ते जंतूंसाठी.