मुलीला ऑटिझम आहे, डिसेंबर लागला की सगळं नकोसं होतं. तुम्ही लोक कसं निभावता?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 6 वर्षांची आहे, अजून बोलत नाही, आणि वर्ष संपत आलं की "अजून एक वर्ष गेलं" म्हणून रडायला येतं. माझा मुलगा आता 12 वर्षांचा आहे, त्यालाही ऑटिझम आहे. तुमचा प्रश्न वाचून पोटात कालवलं, कारण मीही असे डिसेंबर काढलेत.

तेव्हा मी 31 तारखेला हिशोब मांडून बसायचे. किती शब्द आले, शू सांगतो का, थेरपीवर किती पैसे गेले. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर भाचरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ यायचे, मी "मस्तच" लिहून मोबाइल पालथा ठेवायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. एका वर्षी तर उत्तर शून्य आलं, एकही शब्द नाही. खूप नंतर लक्षात आलं की त्याच वर्षी मे महिन्यात, दुपारी, मी भांडी घासत असताना हा स्टीलचा पेला घेऊन आला आणि माझ्या ओल्या हातात कोंबला. त्याला पाणी हवं होतं! तोपर्यंत तहान लागली की नुसता रडायचा, कशासाठी ते आम्हाला कळायचं नाही. एवढी मोठी गोष्ट आणि मी ती धरलीच नव्हती, कारण मी फक्त शब्द मोजत होते.

तेव्हापासून डिसेंबरचा हिशोब बंद. एक साधी वही केलीये, काही घडलं की त्याच दिवशी तारीख टाकून एक ओळ लिहायची, बस. महिना महिना कोरी जाते कधीकधी. खूप वाईट दिवस असला की ती उघडते.

दुसरं म्हणजे, डिसेंबरचा निम्मा त्रास रुटीन मोडल्याचा असतो असं माझं स्पष्ट मत आहे. नाताळची सुट्टी, थेरपिस्ट गावाला, घरात पाहुणे, मग पोरं चिडतात, रात्र रात्र झोपत नाहीत आणि आपलीही झोप जाते. आमच्याकडे एकदा 1 जानेवारीला सकाळी जुनं कालनिर्णय काढून नवीन लावलं तर हा दोन तास भिंतीवर डोकं आपटत होता, कुणाला कळेना काय झालं. आता नवीन कालनिर्णय जुन्याच्या वरच टांगतो आणि जुनं फेब्रुवारीत कधीतरी हळूच काढतो. सुट्टीतही उठणं, जेवण, फिरायला जाणं त्याच वेळेला, आणि "यंदा आम्ही येत नाही" हे नातेवाइकांना सरळ सांगतो. सुरुवातीला लोक रुसले, पण रुसू देत.

आणि तुमची झोप, ही सगळ्यात महत्त्वाची. आम्ही नवरा-बायकोने रात्री वाटून घेतल्यात, एक दिवस तो जागतो, एक दिवस मी, ज्याची सुट्टी त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. घरात सासूबाई, आई, बहीण कुणी असेल तर आठवड्यातले दोन तास मागून घ्या, न मागता कुणी देत नाही हो.

पण रडणं रोजचंच झालं असेल, दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर नुसती वही आणि झोप पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेली मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, 24 तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर अजिबात थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी उठवा. पैशाची काळजी असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना बघा, 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, ऑटिझम त्यात येतो आणि थेरपीचाही काही खर्च मिळतो.

31 ला रात्री 12 ला फटाके वाजतात, आमचा त्याने फार घाबरतो, म्हणून कान झाकणारे हेडफोन आठवडाभर आधीपासून रोज थोडा थोडा वेळ घालायची सवय करतो. तुमची मुलगी आवाजाला घाबरते का? कमेंटमध्ये सांगा, त्या रात्री आम्ही अजून काय काय करतो ते सविस्तर लिहीन.