तंजावरच्या राजाचे चर्चमधील शिल्प

प्रश्न : तंजावरला बृहदीश्वराच्या दर्शनास गेलो असता, शिवगंगा तलावालगतच्या जुन्या चर्चमध्ये मरणासन्न पाद्र्याचा हात हाती घेतलेल्या राजाचे संगमरवरी शिल्प पाहिले. हा राजा मराठा होता असे कळले. चर्चमध्ये त्याचे स्थान कशामुळे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी भोसले आणि पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ. सरफोजींचे दत्तकविधान वादात सापडून चुलते अमरसिंह गादीवर आले, तेव्हा या जर्मन लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) धर्मोपदेशकाने मुलाचा सांभाळ केला व त्याच्या शिक्षणाची सोय लावली. १७९८ साली श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजींना गादी मिळाली. पुढे त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून हे स्मारक घडवून घेतले. सरफोजी स्वतः मात्र हिंदूच राहिले.

तथापि राजाच्या शिल्पापुढे मंडळीचा विसर पडू नये. (मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’च म्हणतात.) तिचे मूळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत आहे. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने धाडलेले धर्मोपदेशक त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ तेथे ९ जुलै १७०६ रोजी उतरले. वसाहतीतील युरोपीयांसाठी १७०१ चे झायन चर्च होतेच. परंतु त्सीगेनबाल्गांनी तमिळ भाषकांची मंडळी वेगळी उभी केली, बायबलमधील नव्या कराराचे तमिळ भाषांतर करून ते तेथेच छापवले आणि १७१८ मध्ये न्यू जेरुसलेम चर्च बांधले, जेथे त्यांची कबर आहे. १७३३ मध्ये आरोन या तमिळ गृहस्थांना पाळकपदाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली, ही घटना मला इमारतींहून मोठी वाटते. पुढे १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. आपण पाहिलेले चर्च मात्र आज चर्च ऑफ साउथ इंडिया या दुसऱ्या प्रोटेस्टंट संस्थेकडे आहे.

श्वार्ट्झ यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री हे सरफोजींचे स्नेही. त्यांची तमिळ भक्तिगीते उपासनेत आजही गायिली जातात.

मराठी नाते राजवाड्यापुरतेच नव्हते. तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेस श्वार्ट्झ यांनी १७७८ साली बाप्तिस्मा देऊन क्लोरिंदा हे नाव दिले. तिने तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे चर्च बांधविले व १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांनीच त्याचे समर्पण केले. तेथील लोक त्याला अजूनही ‘पाप्पात्ति अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मण बाईंचे देऊळ, म्हणतात.